दोन कुलुपं

धान लोंबीवर आलं की
धावपट्टीच्या दिव्यांवर तुडतुडे इतके मरतात
की सकाळी खराट्यानं ओढावे लागतात.

त्या संध्याकाळी एकतीस नंबरचा दिवा गेला.
मी म्हटलं, विझलेलाच आहे, दोन मिनिटांचं काम.
इस्तारी कोवे नुसते बघत राहिले, मग म्हणाले,
"काऊन गा, दिवा मेला म्हणून तार मेली का?"

सगळ्या दिव्यांतून एकच प्रवाह फिरतो, माळेतल्या दोऱ्यासारखा.
मध्येच तोडला तर गप्प बसत नाही,
तुटल्या जागी व्होल्ट चढत जातात
आणि हाताची वाट बघतात.

म्हणून टॉवरला कळवलं, वहीत वेळ लिहिली,
रेग्युलेटर बंद केला.
माझं नवं कोरं कुलूप, शेजारी त्यांचं,
रंग उडालेलं, खिळ्यानं कोरलेलं: इ. को.
टेस्टर आधी जिवंत तारेवर पाहिला,
मग मेलेल्या, मग पुन्हा जिवंत.
खड्ड्यात काठी फिरवली,
कारण मण्यार परवान्यावर लिहिलेली नसते.

मी माझं काम संपवून खोलीत आलो, कुलूप काढलं,
तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला:
विमान येतंय, भाजलेलं पोर न्यायचंय, दिवे लावा.
त्यांचं कुलूप तसंच लटकलेलं.
हाका मारल्या. उत्तर नाही.
फोनवर साहेब: "कटर आहे ना कपाटात? तोड."

कटर हातात घेतला.
जड होता.
वर, अंधारात, विमान तलावाच्या अंगानं वळत होतं.
मी कटर टेबलावर ठेवला आणि धावलो.

चाळीस नंबरच्या खड्ड्यात कोवे,
दोन्ही हात केबलच्या जोडात,
बॅटरी दातांत धरलेली,
म्हणून बोलता येत नव्हतं.

त्यांनी जोड बांधला, झाकण लावलं,
चालत आले, आपल्या किल्लीनं आपलं कुलूप काढलं.
तिसऱ्या फेरीला विमान उतरलं.
पोराचं पुढं काय झालं, आमच्यापर्यंत आलं नाही.

वाटलं, पाठीवर थाप पडेल.
कोव्यांनी वही ओढली, चष्मा चढवला,
आणि लिहिता लिहिता विचारलं,
"टॉवरला न विचारता धावपट्टीवर
कोणाच्या हुकमानं धावला गा?"
खाली माझं नाव. वेळ: आठ चाळीस.