आमचाच

यदूला मी पहिल्याच भागात दाराशी उभं केलं,
चपलांच्या ढिगाशेजारी.
मुंबईहून फोन: दारात का? सोफ्यावर घ्या,
तिथे लाइट चांगला पडतो.
म्हटलं, तो बसण्याआधी खुर्च्या मोजतो.
माणसांपेक्षा एक जास्त निघाली तरच बसतो.
पलीकडे कुणीतरी हसलं. चालेल म्हणाले,
पण पुढे त्याचा खलनायक होईल ना?

मला अजनीचं रेल्वे क्वार्टर दिसत होतं.
मे महिना, पारा सत्तेचाळीसवर,
खिडकीत पत्र्याचा एकच कूलर
आणि वाऱ्याच्या क्रमाने टाकलेल्या गाद्या:
मामा, हेमू, विनू, बेबीताई, मामी,
मग कोपऱ्यापलीकडे, जिथे कूलरचा नुसता आवाज पोचायचा,
माझी सतरंजी.
कुणी ठरवलं नव्हतं. असलं काही कुणी ठरवत नाही.
पाणी मात्र मी टाकायचो.
रात्री दोनला पंप कोरडा घरघरला की
अंगणातून दोन बादल्या.
आत आलो की ओल्या वाळ्याचा वास सुटलेला असायचा.
मिनिटभर समोर उभा राहायचो, बनियन फुगायचं.
मग कुठल्यातरी गादीवरून:
"हवा काऊन अडवून राह्यला बे?"

मामी वाईट नव्हती.
हे लिहून ठेवतो, कारण मालिकांत मामीला
वाईट करायचा प्रघात आहे.
माझी फी तिने भिशीतून भरली.
सीताबर्डीला गणवेश घेताना दुकानदार म्हणाला,
तिन्ही पोट्टे तुमचे का?
ती म्हणाली, हे दोघं आमचे,
अन् हा बी आमचाच.

तो च.
त्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं:
शुद्ध शब्दयोगी अव्यय. शब्दाला लागतं,
पण शब्दाचं रूप बदलत नाही.
मी वहीत दोनदा अधोरेखित केलं.

यदू त्या एका अक्षरातून झाला.
म्हणून त्याला घरातल्या प्रत्येकाच्या चपला आवाजावरून कळतात.
तो संत्रं सोलतो, फोडी वाटतो,
उरलेली पुढे आली तर नको म्हणतो
आणि सालीचा वास घेत बसतो.
भांडण पेटलं की त्याला चौकात काम निघतं.
कुणी खरोखर जीव लावला
तर तो मनात पावती फाडून ठेवतो,
पुढेमागे कुणी मागितली तर.

एकशे बाराव्या भागात चॅनेलला त्याच्या हातात
घराची कागदपत्रं हवी होती, शिवाय आगपेटी.
रात्री एकटाच फिरतो ना घरभर?
लोकांना वाटतंच, काहीतरी शिजतंय.
मी लिहून पाठवलं:
रात्र. सगळे झोपलेत. यदू उठतो.
कूलरमध्ये पाणी टाकतो.
उत्तर आलं: कूलर कुठला? त्या घरात एसी आहे.
खरंच होतं, गर्भश्रीमंत घर.
मी एसी बिघडवला.

परवा मामीचा फोन आला.
आता मानेवाड्याला असते, हेमूकडे,
साडेआठ वाजता गुडघ्यांना तेल लावत मालिका बघते.
"त्या यदूले एखाद दिवस पोटभर जेवू तं घाल बाप्पा,
सारखा वाढूनच राह्यला लोकायले.
कुठून सुचते रे तुले असं?
आपल्या घरी तं नव्हता असा कोनी."

मी काही बोललो नाही.
तिच्या मागे कूलर चालू होता,
आणि त्याची घरघर हळूहळू
जाडी होत चालली होती.
म्हटलं, मामी, पाणी संपत आलं तुमच्या कूलरचं,
सांग कुणाला तरी.

थांबली. ऐकलं असावं तिनेही.
"बाई गं," म्हणाली,
"तुलेच कसं समजते हे?"