माश्यांना विचारून

चौकीदार उईके दोन दिवस काठीनं पाचोळा उसकत होता.
"मुंगूस मेलं असंन, मॅडम. नाईतर घूस."
मला काहीच येत नव्हतं.
तापात गेलेलं नाक तीन वर्षांत परतलं नाही;
फोडणी जळते ती मी धुरावरून ओळखते.

तिसऱ्या दिवशी, सेमिनरी हिल्सच्या उतारावर,
बांबूच्या बेटात, कुजक्या पाल्यात
एक अंडं.
मळकं, दाबलं तर लिबलिबीत.
सहा दहाला तडकलं. वहीत लिहिलं: आवाज नाही.
मग देठ, वर ओली टोपी,
आणि टोपीखालून पांढरी जाळी उतरू लागली,
क्रोशाच्या सुईवरून कुणी टाके सोडत जावं तशी,
जमिनीपासून बोटभर वर थांबली.

"घ्या! हे होतं तं!"
उईकेनं नाकाला दुपट्टा बांधला, लांब जाऊन हसला.
"अन् आकार पाहा त्याचा.
काऊन लिहून राहिल्या वहीत असलं?"

पहिली माशी आठ सत्तावन्नला. हिरवी.
मग निळ्या. मग एक राखाडी, केसाळ,
जिचं नाव मला येत नाही.
शेवाळी चिकट्यात पाय रोवून
सोंडा आपटत होत्या,
शेवटच्या पंगतीला पोचलेल्या वऱ्हाड्यांसारख्या.
मुंग्या जाळीच्या प्रत्येक भोकाशी थबकत.
पायथ्याशी दोन शेणकिडे.
गोगलगाय अकराला आली, तिला घाई नव्हती.

मी वाकले. इतकी, की एक माशी
चष्म्याच्या काचेवर बसून हात चोळू लागली.
खोल श्वास घेतला.
गार. ओलं. बस्स.
त्रेचाळीस माश्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं
आणि मी त्या बैठकीत बहिरी.

आईच्या पाठीची जखम धुवायचे
तेव्हा नाक शाबूत होतं.
तेव्हा श्वास रोखून धरायचे.

दोनला टोपी चाटूनपुसून पांढरी, रिकाम्या पोळ्यासारखी.
जाळी एका बाजूला कलंडली.
माश्या उठल्या, पोटात, पायांना
पुढची बेटं घेऊन,
कुठे, ते कुणालाच न सांगता.
उईकेनं दुपट्टा सोडला. "गेला वास."
मी लिहिलं: वास गेला, दोन वीस.
कंसात: उईकेच्या नाकानं.

घरी आल्यावर काचेवर दिसला
मोहरीहून बारीक, तपकिरी ठिपका.
चष्मा बेसिनमध्ये धरला, नळही सोडला,
मग नळ बंद करून
गॅलरीतल्या बांबूच्या कुंडीत धुतला.