अकरापर्यंत

ट्रॉम्सोत नोव्हेंबर. दुपारी दोनलाच खिडकी काळीठिक्कर.
राग्नहिल्ड फळ्यावर दोन गोल काढते,
मधे बाण: बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे.
"पुस्तकात एवढंच आहे," म्हणते
आणि बाण बाहीनंच पुसून टाकते.

मग एक प्रश्न विचारून
मनातल्या मनात अकरापर्यंत मोजते.
पूर्वी तीनलाच उत्तर देऊन मोकळी व्हायची.
वीस वर्षं तिला
तेच शिकवणं वाटत आलं.

सात. रेडिएटर टकटकतो.
नऊला मागच्या बाकावरचा आस्लाक
कोटाची चेन वर करतो, खाली करतो.
दहा.
"बाबा फोनवर बोलत नाहीत," तो म्हणतो,
"फोन दाराबाहेर धरतात.
कुत्री ऐकवतात."

राग्नहिल्ड खडू उचलते, ठेवते.
बाहीवर पांढरट बाण.
अकरा म्हणायचं
राहूनच जातं.