निवळशंख

मार्चमधलं पाणी, बुटाच्या रबरातूनही चावणारं.
एलुनेद प्रवाहात उतरते, जाळं खालच्या अंगाला धरते
आणि टाचेनं दगड उकरू लागते.
तीन मिनिटं. कमी नाही, जास्त नाही.
काठावर इदवाल घड्याळ धरून,
दुसऱ्या हातात अर्धं सँडविच.

मग सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं
आणि गाळ बसेपर्यंत बोलायचं नाही.

सकाळी, वर, पुलाच्या अलीकडे
गाळ बसायच्या आतच ट्रे चालू लागला होता:
तीन शेपट्यांची चपटी पिल्लं, कडेकडेनं पळणारी;
वाळूचे कण एकाला एक चिकटवून
अंगाबरहुकूम अंगरखा केलेली अळी,
त्यात कुठे हिरवी काच, कुठे विटेचा चुरा;
एक जळू, शिंप्यासारखी ट्रेचं माप घेत.
इदवाल नावं सांगे, एलुनेद रेघा ओढी,
चार उभ्या, पाचवी आडवी.

इथे, खाणीच्या खाली, नांत लासचं पाणी
इतकं नितळ की तळच्या दगडांच्या शिरा मोजाव्यात.
फिरायला आलेले थांबतात, ओंजळ भरतात, फोटो काढतात.
माझ्या भाषेत अशा पाण्याला निवळशंख म्हणतात.
शंख म्हणजे काय, ते मला
ह्या ट्रेवर वाकल्यावर उमगलं:
राहणारं निघून गेलेलं घर.

शिसं दिसत नाही. जस्त दिसत नाही.
खाण बंद पडून शंभर वर्षं झाली,
एलुनेदच्या पणजोबांचं फावडं
चिठ्ठी लावून संग्रहालयात टांगलंय.
डोंगराला मात्र कुणी सुट्टी झाल्याचं सांगितलेलं नाही.

बाटलीत भरून नेलेलं पाणी
फक्त त्या दिवसाचं सांगतं.
हे इथे वर्षभर राहतात,
रात्रीचं, रविवारचं, सगळं अंगावर घेतात.
म्हणून हजेरी ह्यांची.
आणि जे ओ देत नाहीत त्यांचीही.

दोन शेपट्यांचे चिवट चार-पाच. बाकी वाळू.
एलुनेद पेन बंद करते.
मग म्हणते, थांब.

कोपऱ्यात, नखाच्या चंद्राएवढं,
तीन शेपट्या.

वरून वाहून आलं असेल, इदवाल म्हणतो.
असेल, ती म्हणते.
चाळीस वर्षं ती ह्या रकान्यात शून्य लिहीत आली आहे.
एकानं गुण बदलत नाहीत, हेही तिनंच त्याला शिकवलंय.

ती एक उभी रेघ ओढते.
पुढची जागा मोकळी सोडते.

इदवालच्या हातातलं घड्याळ
थांबवायचं राहून गेलंय.