डावं-उजवं

हडर्सफील्ड, फेब्रुवारी.
जुईचा उजवा हात प्लास्टरमध्ये, तीन आठवडे.
मोडलेला नाही. चांगला आहे, म्हणूनच.
‘हा गप्प बसला की डावा बोलेल,’ ग्वेन म्हणते.
पोरांत डावं-उजवं करू नये म्हणतात;
आम्ही सही करून आलो.

आज संत्रं.
मूठ उघडेपर्यंत
किटलीतलं पाणी उकळून निवलं.
अंगठा सालीवरून घसरतो. पुन्हा.
बाबा खिडकीशी, समोरची धुरांडी मोजत.
मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

मग साल फाटते, नखाएवढी,
रस थेट तिच्या डोळ्यात.
‘आई, मदत नाही करायची!’
मी कुठे केली? नुसती उठले होते.

एक फोड, चेंबलेली, कोमट,
माझ्या तोंडासमोर थरथरत येते.
घ्यायला हात काढते, तर
बोटं वळत नाहीत.

मी आ करते.