खालच्या गावाची बाजू

चिठ्ठ्या टाकून देश वाटले.
माझ्या वाट्याला शेजारचा आला, उझबेकिस्तान,
आणि आमचा किर्गिझस्तान गेला यूस्टकडे.
यूस्ट हॉलंडचा. सहा फूट चार इंच.
त्याच्या देशात चढ म्हणजे पूल.
तो उठतो, टाय सरळ करतो आणि म्हणतो,
"आमचे डोंगर..."

मला हसू येतं.
मेरिमच्या कोटाची बाही लांब आहे,
तिच्यात तोंड लपवता येतं.

मग हसू जातं, कारण तो बोलतो चांगलं.
हिमनद्या त्याला पाठ आहेत.
नदीचं नाव तेवढं खोकल्याच्या गोळीसारखं
गालात इकडून तिकडे फिरवतो.
"कालव्यांवरची गळती," तो म्हणतो,
"मानवी कारणांनी होणारी, बावीस टक्के."

बावीस टक्के म्हणजे माझे वडील.

तोक्तोसुन, पाटकरी, सहावा दरवाजा.
रात्री दोनला उठून लोखंडी चाक फिरवतात,
वहीत लिहितात तीन फेरे.
फिरवतात साडेतीन.
तो अर्धा फेरा साल्किन-आपाच्या जर्दाळूंचा,
तिला पाळी मिळत नाही, कारण तिचा कागद
नवऱ्याच्या नावावर आहे आणि नवरा मातीत.
हे कुठल्या तक्त्यात बसवशील, यूस्ट?

पण मला त्याला उत्तर द्यायचंय
खालच्या बाजूनं.
चौदा पानं आणलीत. कलमं, दाखले, पिवळ्या खुणा.
इथे "मी" म्हणायचं नाही.
"हे शिष्टमंडळ" म्हणायचं.

हे शिष्टमंडळ उभं राहतं.
याचे गुडघे लटपटतात.

आणि पानांतलं काहीच तोंडात येत नाही.
येतो होलमात-अका,
दर जुलैत ट्रॅक्टरवरून वर येणारा,
आमच्या अंगणात उभा राहून ओरडणारा.
मी दाराआड असायचे, भावाचे कान दाबून.
स्वतःचे दाबायला हात उरायचे नाहीत,
म्हणून सगळं ऐकलंय.
"तुम्ही मोजता तोवर माझा कांदा मरतो!
तुझी वही पाणी पिते का रे, तोक्तोसुन?"

ते सगळं मी इंग्रजीत बोलले,
शिव्या गाळून,
मधे मधे "अध्यक्ष महोदया" पेरून.
शेवटी निसटलंच: "माझा कांदा."
लोझानच्या अध्यक्षबाईंनी हातोडी उचलली
आणि आपटायची विसरली.

यूस्टची चिठ्ठी आली, चौघांच्या हातून:
कांद्याचं कुठे सापडलं? संदर्भ दे ना.
मी लिहिलं: आमचं दार.
त्यानं खूण केली, कळलं नाही.

मग "विनंती करते" की "आवाहन करते"
यावर चाळीस मिनिटं.
पेरूवाल्या मुलीनं गुपचूप केळं खाल्लं.
ठराव मंजूर, एकोणीस विरुद्ध सहा.
टाळ्या. कुणीतरी पाठ थोपटली,
ती कोटाला लागली.

रात्री वसतिगृहाच्या जिन्यात बसून
घरी फोन लावला.
"कोण झाली होतीस?"
सांगितलं.
पलीकडे बराच वेळ फक्त पाट ऐकू येत होता.
"मग, मागितलंस किती?"
"तीन फेरे जास्त. मिळाले."
"तीन?" वडील म्हणाले.
"होलमातनं आजवर दोनच्या वर
कधी तोंड उघडलं नाही."

मी काही बोलले नाही.
त्यांनीच विचारलं,
"ते तिथलं मोठं तळं. त्याला दार आहे का?"
"आहे. गावातच, पुलापाशी."
"धरतं कोण?"
"माहीत नाही."
"उद्या बघून ये," ते म्हणाले,
"आणि त्याला विचार,
तो वहीत किती लिहितो."