इतर अधिकार

सावद्याच्या स्टेशन रोडवरचा कापूस-साहेबाचा बंगला
मोजायला आलोय. हातात उतारा:

हॅरिस, कंसात.
तय्यबअली जीनवाले, कंसात.
डोंगर सुका नेहेते, केळीच्या रोकडीवर, तेही कंसात.
आता चार मुलं, चार वकील,
व्हरांड्यात खडूच्या तीन रेघा.

फक्त 'इतर अधिकार'मधली एक ओळ मोकळी,
मोडीतून उतरवलेली:
'पंखा ओढणेबद्दल रुबाब तडवी याचे बायकोस
विहिरीतून रोज दोन हंडे.'
हिला कंस करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

भिंतीत दोरीचं भोक आहे अजून,
कडा घासून गुळगुळीत.
विहिरीत वाकलो. पारवे उडाले.
बोअरं पाचशे फुटांवर गेलीत इकडं.

नकाशावर गोल काढला. विहीर.
कोरडीची वेगळी खूण नसते.